पंचाचा दम

सामना बरोबरीत, शेवटची दोन मिनिटं. चढाईपटू मध्यरेषा ओलांडतो आणि त्याच क्षणी निवेदक माईकवर ओरडतो, "ह्या चढाईला भाऊंकडून रोख पाचशे एक!" मंडपामागे फटाक्यांची माळ पेटते. दिव्याभोवतीचे किडे पंचाच्या कॉलरमध्ये शिरतात. मागून कुणीतरी दोरी रेटत राखीव क्षेत्राच्या रेषेवर येऊन उभा राहतो, आणि खिशातला मोबाइल थरथरतो. या सगळ्यात पंचाला पाहायचं असतं एवढंच : पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकला तेव्हा मागचा पाय जमिनीवर होता की हवेत.

परभणी जिल्ह्यात ज्यानं कबड्डीची शिट्टी गळ्यात घातली त्याला हे नवं नाही. पावसाळ्यात शालेय स्पर्धा असतात, चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या, तालुक्यापासून जिल्ह्यापर्यंत. त्या संपतात न संपतात तोच गावोगावच्या मंडळांच्या खुल्या स्पर्धा, जयंत्या, जत्रा. जिंतूरपासून सोनपेठपर्यंत नऊ तालुके, आणि कुठल्याही तालुक्यात संध्याकाळी दिवे लावून मैदान आखलेलं सापडतं. मॅट मिळाली तर नशीब, नाहीतर काळ्या रानात ट्रॉलीनं आणून टाकलेली माती. मी शाळेत खेळशिक्षक होतो आणि तीसेक वर्षं हे काम केलं. हा लेख आपल्या मंडळीतल्या त्या भावाबहिणींसाठी आहे, जे रविवारी सकाळी उपासनेला असतात आणि संध्याकाळी मैदानात पंच म्हणून उभे राहतात. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती. त्यात आपण ख्रिस्ती मूठभर, आणि त्या मुठीत पंच किती ते मोजायला एका हाताची बोटंही उरतील. तरी लिहितो, कारण नव्यानं पंच-परीक्षा दिलेली मुलं मला एकच प्रश्न विचारतात : "सर, एवढ्या गलक्यात लक्ष कसं ठेवायचं?"

माझं उत्तर त्यांना आवडत नाही. गलक्याचं फार मनावर घेऊ नका, असं मी सांगतो. कान लवकर निर्ढावतात. दोन हंगाम काढले की डीजे आणि पाऊस सारखाच वाटतो. ज्यानं लक्ष खरंच फुटतं ती गोष्ट बाहेर नसते. लोक आपल्याला काय म्हणतील, ही ती गोष्ट. आणि ख्रिस्ती पंचाच्या बाबतीत या रोगाला एक शेपूट असतं : आपण चांगले दिसलो पाहिजे. गावात आपली चार घरं. आपण चुकलो तर लोक आपल्या प्रभूला नावं ठेवतील. म्हणून आपण जास्त नम्र, जास्त हसतमुख, जास्त समजूतदार व्हायला जातो. मग डोळा पायावर राहत नाही, आपण कसे दिसतोय त्याच्यावर जातो. साक्ष देण्याच्या नादात समोरचा बोनस हुकतो. पंचाची साक्ष म्हणजे बरोबर दिलेला बोनस, हे मला कळायला बरीच वर्षं लागली.

ही गोष्ट जुनी आहे. चारही शुभवर्तमानांत एक अधिकारी आहे, त्याचं नाव पिलात. मी त्याच्याकडे नेहमी पंचाच्या नजरेनं पाहतो. त्याला दिसलं होतं. आरोपीकडे दोष नाही हे तो लोकांपुढे पुन्हा पुन्हा बोलला, लूकनं तर तीनदा मोजून लिहिलंय. त्याची नजर चुकली नव्हती, नियमही माहीत होता. गर्दी वाढली, आवाज चढला, वर कैसराला काय वाटेल याची भीती, आणि त्यानं दिसलेलं सोडून ऐकलेलं दिलं. मग हात धुतले. त्या गोंधळात, न्यायासनावर बसलेला असतानाच, त्याच्या बायकोचा निरोप आला होता, तो मत्तयनं नोंदवलाय. शेकडो आवाजांत तो एकच बरोबर होता आणि नेमका तोच वाया गेला. लक्ष ठेवणं म्हणजे कानात बोळे घालणं नव्हे, हे मी तिथून शिकलो. समोरच्या बाजूला उभा असलेला दुसरा पंच हात वर करून काही सांगत असेल, तर तो निरोप ऐकण्यासाठीच बाकीचं ऐकू यायचं थांबलं पाहिजे.

गर्दीचा जोर आपल्याला वाटतो त्यापेक्षा जास्त असतो, याला पुरावा आहे. इंग्लंडमध्ये काही संशोधकांनी फुटबॉलच्या ४० प्रशिक्षित पंचांना एकाच सामन्यातल्या ४७ झटापटी चित्रफितीवर दाखवल्या. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, बाकीच्यांना आवाज बंद करून. २००२ साली त्याचा निष्कर्ष छापून आला. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध साधारण १५ टक्के कमी फाऊल दिले. ती माणसं लबाड नव्हती, समोर गर्दीही नव्हती, होता तो फक्त रेकॉर्ड केलेला आवाज. म्हणजे "माझ्यावर परिणाम होत नाही" म्हणणाऱ्या पंचावर परिणाम होतोच, फक्त त्याला तो कळत नाही. यावर उपाय मला एकच सापडला : परिणाम होणार हे धरूनच उभं राहायचं. स्वतःसाठी एक नियम करून टाकायचा, की न दिसलेलं द्यायचं नाही. शंका असेल तर दुसऱ्या पंचाला विचारायचं, गर्दीला नाही. यजमान गावाविरुद्ध शिट्टी वाजवताना हात जड झाला, तर तो जडपणा ओळखायचा. नाव दिलं की तो निम्मा उतरतो.

आता तयारीकडे येतो, कारण निम्मं लक्ष सामन्याच्या आधीच कमावलेलं किंवा गमावलेलं असतं.

मैदानावर तासभर आधी पोचा. चुन्याच्या रेषा स्वतःच्या टेपनं मोजा, आयोजकांच्या शब्दावर जाऊ नका. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, मध्यरेषेपासून निदान रेषा पावणेचार मीटरवर, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा, दोन्ही बाजूंना एकेक मीटर राखीव क्षेत्र. निदान रेषा वीतभर पुढेमागे असेल तर प्रत्येक चढाईत मनात भांडण चालू राहतं, आणि अशा मनानं पाय दिसत नाहीत. मैदानाभोवती एक फेरी मारा. यजमानांचे तरुण कुठे बसणार, दिवा कुठल्या कोपऱ्यात अंधार पाडतो, दोरी कोण धरणार, हे बघून घ्या. मग निवेदकाला गाठा. हा माणूस सामन्याचा अर्धा पंच असतो, पण त्याला ते कुणी सांगितलेलं नसतं. गोड बोलून एवढंच मागा, की चढाई चालू असताना बक्षिसाची घोषणा नको, चढाई संपल्यावर खुशाल करा. बहुतेक ऐकतात. पाहुणे सामन्याच्या मध्यात येणार असतील तर हारतुरे मध्यंतरात ठेवायला सांगा, पाच मिनिटं मिळतातच. इथं एक गंमत सांगतो. कबड्डीत मुख्य पंचाला सरपंच म्हणतात. त्यामुळे गावात अशा रात्री दोन सरपंच असतात, एक स्टेजवर आणि एक मैदानात. मैदानातल्यानं स्टेजवरच्याचा मान ठेवावा, पण शिट्टी वाजल्यावर त्याच्याकडे बघू नये.

आयोजकांकडचं जेवण सामन्यानंतर. रस्सा-भाकरीचा आग्रह मोडायला जड जातं, पण भरल्या पोटानं रात्रीचे चार सामने उभं राहून बघा, म्हणजे कळेल. उन्हाळी स्पर्धा असेल तर परभणीचं ऊन दिवसभर अंगात साठलेलं असतं. पाणी, मीठ-साखर, आणि दुपारी तासभर आडवं होणं, हे प्रार्थनेइतकंच गरजेचं आहे असं मी मानतो. आमच्या एका पाळकांना हे वाक्य पटलं नव्हतं, पण एलियाला देवदूतानंही आधी भाकर-पाणीच दिलं होतं. मोबाइल बंद करून पिशवीत ठेवा. थरथरता ठेवलेला मोबाइल वाजणाऱ्या मोबाइलपेक्षा वाईट, कारण कोण असेल हा प्रश्न तो पुढच्या तीन चढायांना चिकटवतो.

आणि नियम. नियम पाठ नसला की सगळं लक्ष नियम आठवण्यात जातं. ७ ऑक्टोबर २०२३ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारत-इराण अंतिम सामना २८-२८ असताना काय झालं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. पवन सेहरावत कुणालाही स्पर्श न होता राखीव क्षेत्रात गेला, इराणचे बचावपटू त्याच्यामागे गेले, आणि गुण कुणाला किती यावर जुना नियम की नवा नियम असा घोळ सुरू झाला. निर्णय फिरत राहिला, खेळाडू मॅटवर बसले, जवळपास तासभर खेळ थांबला. शेवटी भारत ३३-२९ जिंकला, पण पंच म्हणून बघताना जिंकण्यापेक्षा मला तो तासच जास्त आठवतो. सामन्याआधी दोन्ही पंच, सरपंच आणि गुणलेखकांनी पाच मिनिटं एकत्र बसून असे तीन-चार अडचणीचे प्रसंग तोंडानं बोलून घ्यावेत. राखीव क्षेत्र कधी खुलं होतं, तिसऱ्या चढाईची खूण कोण करणार, बोनसकडे कोण बघणार आणि पकडीकडे कोण.

ही वाटणी फार महत्त्वाची आहे. १९९९ साली अमेरिकेत दोन मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग अनेकांना माहीत असेल. बास्केटबॉलचे पास मोजायला सांगून चित्रफीत दाखवली, मध्येच गोरिलाचा वेश केलेलं एक माणूस चालत आलं, छाती बडवून गेलं, आणि पाहणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना ते दिसलंच नाही. म्हणजे लक्ष जितकं घट्ट, तितकं बाजूचं आंधळेपण जास्त. एका पंचानं सगळं बघायचं ठरवलं की तो हातांच्या झटापटीत अडकतो आणि पायाखालची रेषा हरवते. तुमच्या वाटणीचं बघा, दुसऱ्याच्या वाटणीचं त्याच्यावर सोडा. दुसऱ्यावर सोडणं हीदेखील श्रद्धाच आहे. मंडळीत तिच्यावर आपण तासतास बोलतो, मैदानात मात्र तिची आठवण राहत नाही.

आता प्रत्यक्ष सामना. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, एक चढाई जास्तीत जास्त तीस सेकंदांची. प्रत्येक चढाई पुरी तीस सेकंद चालली असं धरलं तरी ऐंशी चढाया होतात. चाळीस मिनिटं एकसारखं लक्ष कुणाचंच राहत नाही, आणि तसा प्रयत्न करणारा पंच उत्तरार्धात दगडासारखा होतो. ऐंशी वेळा नव्यानं लक्ष द्यायचं आहे, असं धरा. चढाई संपली, हात वर केला, गुण दिला, गुणलेखकानं मान हलवली, की दोन सेकंद नजर सैल सोडा, खांदे खाली घ्या, पुढच्या चढाईला पुन्हा बारीक करा.

याच जागी माझी प्रार्थना बसते. चढाईपटूला "कबड्डी कबड्डी" म्हणत दम धरावा लागतो, दम गेला की चढाई गेली. पंचालाही आतल्या आत एक दम लागतो. माझा दोन शब्दांचा आहे, प्रभूच्या नावाचा, श्वास आत घेताना एक आणि सोडताना एक. दोन चढायांच्या मधल्या फटीत तो एकदाच म्हणायचा. ओठ हलत नाहीत, हात जोडायचे नाहीत, मैदानात गुडघे टेकायचे नाहीत. दिखाव्याच्या प्रार्थनेबद्दल प्रभू डोंगरावर काय बोलला ते तुम्हाला माहीत आहे. पूर्वेकडच्या जुन्या चर्चमध्ये अशी श्वासाबरोबरची छोटी प्रार्थना शतकानुशतकं चालत आली आहे, पण आपल्याला इतकं लांब जायची गरज नाही. जनाबाईचं गंगाखेड आपल्याच जिल्ह्यात, गोदावरीच्या काठावर. जात्याचा खुंटा हातात आणि नाम तोंडात, ही गोष्ट मराठी मातीनं सातशे वर्षांपूर्वी पाहिली आहे. आणि मराठी मंडळीत भजन-अभंगाची वाट रुंद करणारे नारायण वामन टिळक तुकारामांच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे आलो असं मानत. तेव्हा नाम घेत काम करणं आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. एक सावधगिरी मात्र ठेवा. चढाई चालू असताना प्रार्थना नको. दळताना जनाबाईचा हात जात्यावरून सुटला नव्हता. चढाई चालू असताना पाय बघायचे, प्रार्थना फटीत.

निर्णय देताना एक श्वास थांबा. वेस्ट इंडीजचे स्टीव्ह बकनर अपीलनंतर इतका वेळ घेत की गोलंदाज कासावीस व्हायचे, पण कसोटी पंचगिरीची शंभरी पहिल्यांदा त्यांनीच गाठली. आपल्याकडे तेवढी चैन नाही, कबड्डी वेगवान आहे. तरी डोळ्यानं पाहिलेलं डोक्यात बसायला अर्धा क्षण लागतो, तेवढा घ्या. मग शिट्टी, मग हात, मग बोटं. एकदा दिलं की मान वळवून कुणाच्या चेहऱ्यावर पटल्याची खूण शोधू नका. मी पुष्कळ वर्षं शोधायचो. निर्णय देऊन झाला की नकळत यजमानांच्या प्रशिक्षकाकडे एक कटाक्ष जायचा. एका जाणत्या सहकारी पंचानं मला चहा पिताना हळूच सांगितलं, "सर, तुम्ही दरवेळी पावती मागायलात." तेव्हापासून तो कटाक्ष कमी झाला, पूर्ण गेला असं म्हणणार नाही.

आता चुकलेला निर्णय. चुका होणारच. चुकीपेक्षा तिची सावली पुढच्या दहा चढायांवर पडते, ते वाईट. आणि त्या सावलीत पंच एक पाप करतो, ज्याला मैदानात "बरोबरी करून देणं" म्हणतात. मघाशी ह्यांचा गुण गेला ना, मग आता शंकेचा फायदा ह्यांना. बाहेरून हा मोठा समजूतदारपणा दिसतो. खरं तर एका अन्यायाचे दोन झाले, आणि दुसरा जाणूनबुजून केलेला. आपल्याकडे पापकबुलीची सवय आहे, ती इथं उपयोगी पडते. नियमात दुरुस्ती बसत असेल तर लगेच दुसऱ्या पंचाला, सरपंचाला सांगा, "माझी चूक झाली." बसत नसेल तर खिशातल्या छोट्या वहीत एका शब्दात लिहा आणि वही मिटा. कबूल केलेलं ओझं पुढे वाहायचं नसतं, हे आपण पुलपिटावरून ऐकत आलोय, मग मैदानात का वाहावं?

दया हा आपला आणखी एक सापळा. पालम किंवा मानवतच्या एखाद्या वाडीवरची पोरं येतात, पायात बूट नाहीत, बनियनवर नंबर खडूनं लिहिलेला. समोर शहरातला तयारीचा संघ. मन त्या पोरांकडे झुकतं, आणि ते झुकणं ख्रिस्ती वाटतं. मोशेच्या नियमशास्त्रात लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात न्यायाबद्दल जे आहे ते पुन्हा वाचा. मोठ्याचं तोंड बघू नको, हे आपल्याला अपेक्षित असतं. पण तिथं गरिबाचीही बाजू धरू नको असं लिहिलंय, आणि तेही आधी. त्या पोरांवर दया करायची असेल तर सामन्यानंतर करा. बूट द्या, शाळेत येऊन नियम शिकवा, परतीच्या जीपचं भाडं द्या. गुण देऊ नका. मंडळीतल्या एखाद्या घरचा मुलगा खेळत असेल, किंवा तुमच्या शाळेचा संघ असेल, तर सामन्याआधी सरपंचाला सांगून दुसरा सामना मागून घ्या. मागताना संकोच वाटला तरी मागा, नंतर होणारी कुजबुज त्याहून जड असते.

शिव्यांचं काय? देतात. आपल्याला आणखी एक खास मिळते. "ए पाद्री" पासून सुरू होते आणि पुढं काय काय जातं ते इथं लिहीत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझे कान तापले होते आणि पुढच्या चार चढाया मी काय दिलं ते मला आजही आठवत नाही. नवीन मुलं विचारतात, दुसरा गाल पुढे करायचा ना? माझं म्हणणं असं. गाल तुमचा आहे, तो तुम्ही खुशाल पुढे करा. पण सामन्याची शिस्त तुमची खाजगी नाही, ती चौदा खेळाडूंची आहे, आणि ती माफ करायचा तुम्हाला अधिकार नाही. खेळाडू बोलला तर हिरवं कार्ड, पुन्हा बोलला तर पिवळं, दोन मिनिटं बाहेर, त्याच्याही पुढे गेला तर लाल. राग नको, चेहरा तोच ठेवा, कार्ड दाखवा. संध्याकाळी त्याच मुलाच्या खांद्यावर हात ठेवून चहा प्या, ती क्षमा. प्रेक्षकांतून धर्मावरून काही आलं तर तुम्ही उत्तर द्यायचं नाही. सरपंचाला सांगून खेळ थांबवायचा, आयोजकांना बोलावायचं, आणि ते गृहस्थ बाहेर गेल्याशिवाय शिट्टी वाजवायची नाही. अंगावर कुणी येत असेल तर धीर दाखवत बसू नका. फेब्रुवारी २०२५मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीसारख्या मानाच्या आखाड्यात पंचाला लाथ बसल्याचं प्रकरण झालं आणि दोन नामवंत मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. तिथं एवढं होतं, तर आपल्या गावच्या मैदानात पोलीस बंदोबस्त मागणं म्हणजे भित्रेपणा नव्हे. पत्र आधीच द्यायला लावा.

रविवारचा प्रश्न वेगळा. अंतिम सामने रविवारीच ठेवतात, त्यालाही कारण आहे, लोक मोकळे असतात. उपासना चुकवून गेलात तर मैदानात मन चर्चमध्ये, आणि मैदान सोडून गेलात तर चर्चमध्ये मन मैदानात. दोन्हीकडे अर्धं. १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एरिक लिडेलनं रविवारी असलेली शंभर मीटरची पात्रता फेरी धावायला नकार दिला, हे सगळे सांगतात. त्यानं ते महिने आधी, वेळापत्रक हाती आल्यावर ठरवलं आणि मधला काळ चारशे मीटरच्या सरावाला दिला, हे कमी जण सांगतात. चारशेत तो ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक घेऊन गेला. ठरवायचं ते नियुक्तीपत्र येताच ठरवा. सकाळची उपासना करून दुपारी या असं आयोजकांशी बोलून घ्या, किंवा कॅथलिक असाल तर शनिवार संध्याकाळची मिस्सा गाठा, किंवा तुमचा विवेक सांगत असेल तर रविवार सरळ नाही म्हणा. तुम्ही काय ठरवावं ते मी सांगणार नाही, आमच्याच घरात यावर दोन मतं आहेत. पण मैदानात उतरल्यावर ठरवायला शिल्लक काही नको.

विजय हजाऱ्यांचं नाव या लेखात यायलाच हवं. सांगलीचा मराठी ख्रिस्ती माणूस, पुढे भारताचा कर्णधार, आणि १९५२ साली मद्रासला भारतानं पहिली कसोटी जिंकली ती त्यांच्याच नेतृत्वाखाली. त्या काळी मुंबईत धर्मावर संघ पाडून पंचरंगी सामने होत, आणि ख्रिस्ती खेळाडू "रेस्ट" म्हणजे उरलेल्यांच्या संघात. १९४३च्या अंतिम सामन्यात हिंदू संघानं पाच बाद ५८१ केले, रेस्ट १३३वर गुंडाळले गेले आणि फॉलोऑन मिळाला. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजयरावांच्या. सामना डावानं गेला. हरणार हे माहीत असताना, वेशीबाहेरच्यांच्या संघातून, भर ब्रेबर्नवर पुढचा चेंडू तेवढा बघत राहणं म्हणजे काय, याचा विचार मी अनेकदा केलाय. पण पंचांना मी त्यांच्यापेक्षा त्यांच्या भावाची आठवण देतो. त्या डावात दोघांची ३०० धावांची भागीदारी झाली, आणि तीत विवेक हजाऱ्यांच्या धावा होत्या २१. दुसऱ्या टोकाला उभा राहिलेला हा माणूस कुणाच्या लक्षात नाही. पंचाचं काम तसलंच आहे. सामना संपल्यावर तुमचं नाव कुणाला आठवत नसेल, तर दिवस चांगला गेला.

सामन्यानंतरचा एक धोका नवा आहे, आमच्या वेळी नव्हता. घरी पोचायच्या आत तुमच्या निर्णयाची चित्रफीत ग्रुपवर फिरत असते, नेमकी अडचणीच्या जागी कापलेली, खाली चार शब्द जोडलेली. नहेम्या यरुशलेमेची भिंत बांधत असताना सनबल्लटानं त्याला चार वेळा ओनोच्या मैदानात बोलावलं, तो चारही वेळा गेला नाही. मग पाचव्या वेळी उघडं पत्र आलं, वाटेत कुणीही वाचावं असं, अफवांनी भरलेलं. मला ते पहिलं व्हॉट्सअॅप फॉरवर्ड वाटतं. त्यानं एका ओळीत नाकारलं आणि पुन्हा कामाला लागला. चित्रफीत त्या रात्री उघडू नका, उत्तर तर अजिबात देऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहानंतर, नियमपुस्तक शेजारी ठेवून एकदा बघा. चुकलं असेल तर वहीत लिहा. बरोबर असेल तर तेही लिहा, कारण आपण फक्त चुका लिहितो आणि मग वही उघडायची भीती वाटते.

गेल्या खेपेला एका तालुक्याच्या गावी अंतिम सामना आटपून स्टँडवर आलो तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. हरलेल्या संघाचे प्रशिक्षक तिथंच बाकावर, पोरं बॅगा उशाला घेऊन झोपलेली. टपरी उघडी होती, त्यांनी दोन चहा सांगितले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ते म्हणाले, "सर, बोनस होता."

"मागचा पाय टेकलेला होता," मी म्हणालो.

"हवेत होता सर. मी समोर होतो."

"तुम्ही समोर होता. मी बाजूला होतो."

त्यांनी कपातला चहा थोडा बशीत ओतला, फुंकर घातली आणि विचारलं, "पुढच्या महिन्यात आमच्याकडं स्पर्धा हाय. येता का?" तेवढ्यात एसटी आली. पोरं उठवण्यात ते गुंतले, आणि मी तारीख कुठल्या वारी येते ते वहीत बघत राहिलो.